पुढचं पान

चतुराबाई आज नीट झोपल्या असतील का, हा विचार चार दिवस डोक्यातून जात नाही. त्या फर्दापूरला बहिणीकडे आहेत हे मला माहीत आहे. बहिणीच्या सुनेचं तोंड किती दिवस गोड राहील, हे माहीत नाही. आणि त्या तिथं माझ्यामुळे आहेत.

चतुराबाई फुलंब्रीच्या, वय अठ्ठावन्न. वीस वर्षं पहाटेच्या जीपनं भाजी घेऊन शहरात आमच्या हडको कॉलनीत येतात. कुणी फार घासाघीस केली की म्हणतात, "न्या फुकट, पण उद्या जेवायला बोलवा मला." दोन वर्षांपूर्वी मी कॉलनीतल्या देवळामागच्या खोलीत बायकांसाठी दुपारचा वाचनवर्ग सुरू केला, तेव्हा भाजीची पाटी रिकामी करून सगळ्यात आधी त्या येऊन बसल्या. "जीपवरचं फुलंब्री मला रंगावरून कळतंय. अक्षरावरून कळाया पायजे."

त्या मोठ्यानं वाचत. शब्दाखाली बोट, आणि वाक्य संपलं की "व्हय." सुरुवातीची आमची पुस्तकं सगळी सांगणारी होती. पाणी उकळून प्या. जेवणाआधी हात धुवा. हात धुवा वाचल्यावर चतुराबाई खरोखर उठून नळावर गेल्या. बायका हसल्या. मी मात्र वर्गाला म्हटलं, वाचायचं ते असं. पुस्तक सांगतं ते करायचं.

यंदा मी स्वतः एक गोष्ट लिहिली. मोठा टाइप, बारा पानं. मुलगा हात उगारतो म्हणून घर सोडणाऱ्या आईची. पहिल्या खर्ड्यात 'ती उठली, तिनं पिशवी भरली' असं होतं. फिकं वाटलं. मराठीत एम.ए. केलेलं, काय केलं की वाचणारा हलतो ते मला ठाऊक होतं. मी 'ती' काढली. 'तू ऊठ. लुगडी पिशवीत भर. मागं बघू नको.' लगेच जीव आला. शेवट होता, 'बस आली. पाय वर ठेव.' माझी मुलगी मृण्मयी पुण्यात नोकरी करते, तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, इथंच थांब. उरलेलं वाचणारा मनात पुरं करेल." मलाही तेच हवं होतं.

ती गोष्ट वर्गात वाचताना चतुराबाई एकदाही "व्हय" म्हणाल्या नाहीत. बायका गेल्यावर जवळ आल्या.

"बाई, आमच्या शिवराजचं तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. का, काय करतो तुमचा मुलगा?"

"मग ह्यात मला कसं काय बोललंय?"

"तुम्हाला नाही हो. लिहायची एक पद्धत असते ती."

"असंल पद्धत. नाव तेवढं घातलं नाय माझं." त्यांनी पुस्तकाच्या पिना चाचपल्या. "पुढचं पान गळालंय बघा. यष्टीत बसल्यावर कुठं जायचं, ते?"

"ते तुम्ही ठरवायचं," मी म्हणाले. वर हसलेही. शिवराज काय करतो, हे मात्र दुसऱ्यांदा विचारलं नाही.

गुरुवारी भाजी आली नाही. शुक्रवारी सकाळी शिवराज दारात उभा. कंपनीचा शर्ट, हातात माझं पुस्तक.

"मॅडम, पुस्तकात लिहिलं म्हणून गेली म्हणं आई. उद्या विहिरीत उडी टाक लिहाल, तर?"

मी चौकटीवर ठेवलेल्या त्याच्या हाताकडे बघत राहिले. तो गेल्यावर आमचे हे, मधुसूदन, म्हणाले, "तू गोष्ट लिहिलीस, तिला ढकललं नाहीस." पण 'ती'ची 'तू' मी ढकलायलाच तर केली होती.

त्याच संध्याकाळी चतुराबाईंचा फोन आला.

"बहिणीकडं आले बाई, मुक्ताकडं. आठ दिस निघतील, मग तिची सूनबाई भांडी आपटाया लागंल. लिहून झालं का पुढचं पान? धाडून द्या. माझं मी वाचते आता."

"परत फुलंब्रीला जायचं मनात आहे का?"

"तुमी पानात काय लिहिता, त्यावर."

"बघते," म्हणाले मी.

तेव्हापासून रोज रात्री ते पान लिहायला बसते. 'घरी परत जा' लिहिलं, खोडलं. 'परत जाऊ नको' लिहिलं, तेही खोडलं. मृण्मयी पुण्याला निघाली की कुठली गाडी, डब्यात काय, स्टँडवर घ्यायला कोण येणार, सगळं तीनतीनदा विचारते, ती वैतागते. चतुराबाईंना मात्र बसच्या पायरीपर्यंत नेलं आणि सोडून दिलं, कारण तसा शेवट छान वाटत होता.

मृण्मयीची खोली रिकामी आहे. रात्री ह्यांना विचारलं, चतुराबाईंना तिथं ठेवूया का. "किती दिवस?" म्हणाले. मला माहीत नाही, म्हटलं. मग म्हणाले, "गादी उन्हात घालायला पाहिजे."

पहाटेचे चार वाजत आलेत. पाटी नसली तरी चतुराबाई चारला उठतात. कागद बाजूला ठेवते आणि फोन लावते. आधी हे सांगायचं, की पान गळालं नव्हतं, मी ते लिहिलंच नव्हतं. मग सांगायचं, की सकाळची गाडी धरा, आमच्या जवळच्या हर्सूल टी पॉइंटला उतरा, मी तिथं उभी असते. आणि शिवराज काय करतो, ते आता विचारायचं, आणि त्या सांगतील तेवढा वेळ ऐकायचं.