मला घाबरवा

नव्वदच्या सुमारास सिल्वासात आमच्या शेजारी जवळच्या सायली गावातल्या कारखान्यातले एक नाशिककर इंजिनिअर राहत. वाद घालण्याआधी चष्मा पुसायची त्यांची सवय. बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, नरोली गावच्या शाळेत शिकवायला जायचं असे, म्हणून त्यांनी तिच्या सायकलला बॅटरी आणि मोटर बसवली. हँडलवरचं बटण अंगठ्याने दाबलं की मोटर चाले, सोडलं की थांबे.

"ब्रेक दाबल्यावर मोटर आपोआप बंद नको व्हायला?" मी विचारलं.

"कशाला? घाबरला की माणूस बटण सोडतोच ना राव!"

"घाबरलेला माणूस सोडत नाही, घट्ट धरतो," वहिनी खिडकीतून म्हणाल्या.

असल्या शंका मजुरांच्या बोटांवर तपासणारे मालक मी पाहिले होते. यांनी स्वतःवर तपासली. रोज संध्याकाळी सायकलवर बसून ते गल्लीला सांगत, "मला घाबरवा. कधी ते सांगू नका."

कुणी ताट बडवी, कुणी "साप!" म्हणून ओरडे. मी जास्वंदीमागून "इन्किलाब झिंदाबाद!" अशी आरोळी ठोकली. त्यांनी दोन्ही ब्रेक आवळले, पण अंगठा बटणावरच राहिला आणि मोटरने त्यांना ओढत गटारात नेलं.

"बायको जिंकली," चिखल झटकत ते हसले. दोनच दिवसांत ब्रेकच्या दोन्ही दांड्यांना मोटर बंद करणारे स्विच लागले.

मग वहिनी सायकलवर बसल्या. त्यांचीही परीक्षा व्हायला हवी, नियम सगळ्यांना सारखा, म्हणून मी छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात इंजिनिअरांनी धावत येऊन माझं तोंड दाबलं.

"तिला नको रे," ते कुजबुजले. "तिला नको घाबरवू."