झूल पोळ्याला गेली आहे

आमच्या संग्रहालयात वस्तू मोजक्याच आहेत, पण किस्से इतके साचलेत की त्यांच्यासाठीच वेगळी खोली काढावी लागेल! दर्यापूरच्या रस्त्यावर आमचं गाव. तिथल्या बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात दोन खोल्या, तेच आमचं कापूस संग्रहालय. १८६० नंतर तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. त्या तेजीत गावातल्या घरांनी हौसेनं जे जे घेतलं, ते गुरुजींनी दारोदार फिरून गोळा केलं. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. मी दहावी झालेली, घर गोदामाला लागून, म्हणून किल्ली माझ्याकडे. झाडते, पुसते, आल्यागेल्याला माहिती सांगते.

आता मालक गोदाम पाडणार आहेत. पंचायतीनं जागा द्यायचं कबूल केलंय, पण इमारतीची मंजुरी जिल्ह्याच्या हातात. ती नाही मिळाली तर सगळं सामान परत ज्याच्या त्याच्या माळ्यावर. या विचारानं मला जेवण गोड लागत नव्हतं.

*

दारातच बैलगाडीचं एक चाक आहे. तेजीच्या काळात पाटलांनी चाकाला लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवली होती, असं गावातलं लहान लेकरूही सांगतं. चाक पाटलांच्याच घरचं. धाव मात्र लोखंडाची! त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी नखानं खरवडून बघतो.

एकदा बाळापूरच्या एका आजीबाईंनी हातातली बांगडी घासून पाहिली. मी हळूच म्हटलं, "आजी, चांदी नाही हो त्याला."

"नसनच! झिजली असन," आजी म्हणाल्या. "या रस्त्यानं येता येता माहे तं हाडं झिजले!"

*

दुसऱ्या खोलीत टोल्यांचं मोठं घड्याळ. ते नामदेवकाकांच्या घरचं. त्यांच्या खापरपणजोबांनी कापूस विकला आणि त्याच फेरीत अमरावतीहून हे घड्याळ गाडीत घालून आणलं. घरात कोणालाच वेळ बघता येत नव्हती. वर रात्री टोले पडले की लेकरं दचकून रडायची. शेवटी घड्याळ गोठ्यात टांगलं.

काका सांगतात, "थोड्या दिवसात बैल शिकले. पहाटेचे टोले पडले का उठून उभे राहत."

एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "आणि गडीमाणसं?"

"ते बैलायनं उठवले का उठत!"

*

हातानं सरकी काढायचा लाकडी रेचा आहे आमच्याकडे. त्याच्याजवळ मी टोपलीभर कापूस ठेवते, शोभेला. तर श्रावण लागला की टोपली रिकामी व्हायला लागते! बाया येतात, रेचा बघतात, चिमूटभर कापूस उचलतात आणि पदराआड करतात. देवाच्या वातींना.

मी पाटी लावली, ‘कापसाला हात लावू नये.’

दुसऱ्या दिवशी टोपली तळाला गेलेली, आणि आत कागदात बांधलेल्या छान वळलेल्या वाती. शांताकाकूंचा आवाज दारातूनच आला, "तुह्या देवाच्या बी वळल्या वं माय! तुले कुठं येळ भेटते?"

*

पण आमच्या संग्रहालयाची खरी रीत वेगळीच. माणसं वस्तू देतात, मनापासून देतात, फक्त त्या आपल्याच आहेत हे विसरत नाहीत! शांताकाकूंनी तेजीतलं तांब्याचं घंगाळ दिलं आणि नातीच्या लग्नात हळदीच्या अंघोळीला घेऊन गेल्या. गुरुजी समजवायला गेले, "काकू, तुम्ही ते संग्रहालयाला दिलंय ना?"

"देलं हाय गुरुजी. टाकलं नाही!"

गुरुजी रिकाम्या हातानं परत आले. मग मीच एक उपाय काढला. रिकाम्या जागी चिठ्ठी ठेवायची, ‘घंगाळ लग्नाला गेले आहे. सोमवारी येईल.’ अकोल्याच्या एका पाहुण्यांनी ती वाचली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मुलाकडून की मुलीकडून?"

*

अमरावतीच्या एका आर्किटेक्ट मुलीनं नव्या इमारतीचा नकाशा फुकट काढून दिला. गावासमोर तो पसरला. ही खोली कापसाची, ही भांड्यांची, मधल्या हॉलमध्ये आत्ता पडवीत उभी असलेली जुनी बैलगाडी. नामदेवकाकांनी चष्मा लावून सगळीकडे बोट फिरवलं.

"पोरी, गाडी तं देली तू. बैल कुठी हायेत?"

"काका, बैल नाहीत. गाडी नुसती उभी राहणार."

"नुसती गाडी?" काकांना खरंच वाईट वाटलं. "लोक म्हणतीन, या गावाचे बैल मेले का काय!"

*

आणि मग यंदाचा पोळा. मंजुरीसाठी जिल्ह्याचे साहेब पाहणीला पुढच्या आठवड्यात येणार होते. ते पोळ्यासाठी आपल्या गावी निघाले, वाटेत आमची पाटी दिसली आणि जीप थांबवून दारातच उभे राहिले! मी पुरणाच्या हातानं किल्ली घेऊन धावले.

आत काय असणार? नुसत्या चिठ्ठ्या! ‘झूल पोळ्याला गेली आहे.’ ‘घुंगरमाळा पोळ्याला गेल्या आहेत.’ ‘गाडी पोळ्याला गेली आहे.’ साहेबांनी एकेक चिठ्ठी शांतपणे वाचली. तोवर गुरुजीही धावत पोचले.

साहेब शुद्ध ऑफिसच्या भाषेत म्हणाले, "संग्रहालयाला मंजुरी द्यायची, तर संग्रह कुठे आहे?"

मी म्हटलं, "साहेब, दाखवते. तोरणाखाली चला."

वेशीजवळ तोरण बांधलेलं, खाली बैलजोड्या उभ्या. मी दाखवत गेले. "ही तेजीतली जरीची झूल. या पितळी घुंगरमाळा. ती गाडी." साहेब झूल निरखायला वाकले, तसे नामदेवकाका ओरडले, "साहेब, मांगं सरा! तुमची तपासणी बैलाले आवडून नाही राहिली!"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी काकांना विचारलं, "या वस्तू परत संग्रहालयात येतात?"

"येतीन नाही तं काय! सणाले मानानं आणतो, मानानं नेऊन ठेवतो. घरी ठेवल्या होत्या तवा उंदरं कुरतडत होते. या बाईपाशी हायेत म्हणून तं वाचल्या."

साहेबांनी मी दिलेली पुरणपोळी उभ्या उभ्या खाल्ली, बैलांना हात जोडले आणि जीपकडे निघाले. गुरुजी नकाशा घेऊन मागे धावले. साहेबांनी तो बॉनेटवर पसरून बराच वेळ पाहिला, मग मला एकटीला बाजूला बोलावलं. आता नाही म्हणणार, असं समजून मी पदर घट्ट धरला.

साहेब आवाज खाली करून म्हणाले, "ताई, हे भांड्यायची खोली हाय न, थ्या खोलीत एक मोठा पितळेचा गंज मावन काय? आमच्या घरी हाय, तेजीतलाच. मी तुमाले देतो. पण महालक्ष्म्यायच्या आंबिलीले दरसाल घिऊन जाईन, चालन?"