पारोळा गेलं की धुळं

जामनेरच्या बाजारात मी मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते, तेवढ्यात मागून हाक आली, “अहो मॅडम, तुमचा पट्टेवाला गेला ना!” पिंप्राळ्यातली माझी जुनी शेजारीण होती ती, माहेरी आलेली. परक्या माणसाला वाटलं असतं, कुठल्यातरी कचेरीतला शिपाई गेला. मला मात्र लगेच कळलं. मुरलीभाऊ गेले. रेडिओचे कारागीर मुरलीधर मिस्त्री. “झोपेतच गेला म्हणे,” ती म्हणाली, आणि जरा हसून, “पण काय पट्टे पाडले होते बाई त्यानं आमच्या टीव्हीवर!” मी काय केलं? मान हलवली, मेथी पिशवीत टाकली आणि घरी आले. घरी आल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. कारण ते पट्टे मुरलीभाऊंनी पाडलेच नव्हते... पण हे नीट सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी जळगावात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवत होते आणि पिंप्राळ्यात राहत होते. एका शनिवारी प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून एक उंच, सावळा माणूस उभा. आमच्याच कॉलनीतला, टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा, एवढंच मला माहीत होतं. म्हणाला, “ताई, तुमच्याकडे लहरी काढायचं मशीन शे असं ऐकलं. कपाटात बसून ते तरी काय करतंय बिचारं?” खरंच होतं ते. सिग्नल जनरेटर आला तेव्हापासून प्लॅस्टिकच्या खोळीत होता, हात लावला की बिघडेल म्हणून. प्राचार्यांना कसंबसं पटवलं आणि शनिवारी अर्ध्या दिवसानं कॉलेज सुटलं की मुरलीभाऊ यायला लागले. मोडक्या रेडिओची पाटी, सोल्डरिंगची काडी आणि त्यांच्या बायकोनं, सिंधूवहिनींनी, दिलेला शेवेचा पुडा, एवढं घेऊन. वायरीला हात लावण्याआधी यंत्राला नमस्कार करायचे. मी हसायचे. “हसा, हसा,” म्हणायचे, “शॉक लागल्यावर तुम्ही पण कराल.”

त्यांना हवं होतं ते ऐकायला साधं होतं. जळगावचं रेडिओ केंद्र मीडियम वेव्हवर आणि धुळ्याचं नवीन केंद्र एफएमवर. घरोघरी जे जुने रेडिओ होते त्यांच्यावर जळगाव लागायचं, धुळं लागायचंच नाही. सिंधूवहिनी धुळ्याकडच्या. पिंप्राळ्यात सून म्हणून आल्या तेव्हा आजूबाजूच्या बायका त्यांच्या अहिराणीला, ‘आहे’ऐवजी ‘शे’ला आणि ‘सगळा’ऐवजी ‘बठ्ठा’ला, तोंडावर पदर घेऊन हसायच्या. रविवारी सकाळी धुळ्याला अहिराणी गाणी लागतात हे त्यांना भावाच्या पत्रातून कळलं. “मना गावनं गानं लागस तठे, नि माले ऐकू येत नही,” असं त्या एकदाच म्हणाल्या म्हणे. मुरलीभाऊंना तेवढं पुरलं. दोन्ही पकडणारे रेडिओ बाजारात नव्हते असं नाही, पण त्यांना बॅण्ड बदलायचा वेगळा खटका असायचा. वहिनींनी स्पष्ट सांगितलं, “कणकेच्या हातानं एक बटण फिरवीन. दोन नाही.”

आता यात अडचण काय, ते माझ्या विद्यार्थ्यांना सांगायचे तसं सांगते. मीडियम वेव्हची लहर लांब, एफएमची आखूड. एकीत आवाज लहरीच्या कमीजास्त उंचीत असतो, दुसरीत तिच्या कमीजास्त वारंवारतेत, म्हणजे सेकंदाला ती किती वेळा हलते त्यात. एकीसाठी केलेली चाळणी दुसरीला चालत नाही. गव्हाच्या चाळणीतून रवा चाळायला घ्यावा तशी गत. मुरलीभाऊंनी रेडिओचं पुढचं तोंड दोन भागांत केलं आणि आवाज मोठा करणारा मागचा भाग एकच ठेवला. काटा फिरवायच्या दांड्यावर पितळेचं एक नाक बसवलं. काटा मध्यावर आला की ते नाक आतल्या खटक्याला ढकलायचं, टक् आवाज व्हायचा आणि रेडिओ आपला आपण एका पद्धतीवरून दुसऱ्या पद्धतीवर जायचा. डावीकडे जळगाव, उजवीकडे धुळं, बटण एकच. गच्चीवर ॲन्टेना लावला की इतक्या लांबून धुळं यायचं, कधी खणखणीत, कधी पडसं झाल्यासारखं. मधल्या त्या ‘टक्’ला सिंधूवहिनींनी नाव दिलं पारोळा, कारण एसटीनं माहेरी जाताना मध्ये पारोळा लागतं. “पारोळा गेलं की धुळं!” मग धुळ्याकडच्या आणखी सात लेकींनी तसाच रेडिओ मागितला. त्यातली एक तर दोन दिवसांनी तक्रार घेऊन आली, “भाऊ, जळगाव लागतंय, धुळं लागतंय, पण पारोळ्याचं केंद्र काही बोलतच नाही हो!” मुरलीभाऊ गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “त्यांची दुपारची झोप चालू असेल.” ती बाई खरं समजून परत गेलीसुद्धा.

आता माझा प्रताप. रेडिओला केंद्र पकडायचं तर त्याला स्वतःच्या पोटात एक बारीकशी लहर तयार करावी लागते. ऐकणारा रेडिओ हळू आवाजात बोलतही असतो म्हणा ना. ती लहर बाहेर सांडू नये म्हणून त्या भागावर पत्र्याची डबी घालायची, असं मुरलीभाऊंच्या मनात होतं. मी नको म्हटलं. डबी घातली की खोक्याचं झाकण बसत नव्हतं आणि मला घाई झाली होती. मी कागद घेतला, लहरीचा जोर मोजला आणि टीव्हीच्या लहरींपासून ती किती लांब आहे ते सिद्ध करून दाखवलं. ते म्हणाले, “ताई, कागद बरोबर असेल, पण माझं मन मानत नाही.” आणि मी, एम.एस्सी. झालेली बाई, फाडकन म्हणाले, “मुरलीभाऊ, मन मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.” ते हसले. डबी घालायची राहिली.

मी मूळ लहर मोजली, तिच्या दुप्पट वारंवारतेची लहर मोजलीच नाही. कोणत्याही लहरीबरोबर तिची दुप्पट, तिप्पट थोडीथोडी निघते, हे मी दर वर्षी तंबोऱ्याचं उदाहरण देऊन पोरांना शिकवत होते! ती दुप्पट नेमकी टीव्हीच्या चॅनेलवर जाऊन बसली आणि गच्चीवरच्या ॲन्टेनातून कॉलनीभर पसरली. रविवारी सकाळी इकडे आठ घरांत धुळ्याची गाणी, तिकडे चाळीस घरांत टीव्हीवरची मालिका, आणि मालिकेतल्या देवांच्या अंगावर तिरपे पट्टे. लोक गच्चीवर चढून ॲन्टेने फिरवतायत, “आलं का?” “नाही आलं!” शेजारचे भंगाळेकाका कावळ्यांच्या मागे काठी घेऊन लागले. तीन रविवार हा तमाशा चालला. चौथ्या रविवारी मुरलीभाऊ आपला रेडिओ चालू-बंद करत भंगाळेकाकांच्या खिडकीतून टीव्ही बघत राहिले. त्यांना सगळं कळलं. ते आधी माझ्याकडे आले, दोन वाक्यांत सांगितलं आणि माझा चेहरा बघून म्हणाले, “चला, लोकांना सांगून टाकू.”

मारुतीच्या पारावर माणसं जमली. मुरलीभाऊंनी हात जोडले. “मनी चूक शे. डबी घालायला पाहिजे होती, मी घातली नाही.” मी त्यांच्या बाजूला उभी होते. कुणीतरी मला विचारलं, “मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या. तुम्ही नाही का यांना सांगितलं?” आणि मी म्हणाले, “हो... सांगायला हवं होतं.” काय वाक्य आहे बघा! खोटंही नाही, खरंही नाही. सगळ्यांनी घ्यायचा तोच अर्थ घेतला. मुरलीभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पंधरा दिवसांत त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आठही रेडिओंना डब्या बसवल्या, खोकी नव्यानं केली. पट्टे गेले, नाव राहिलं. भंगाळेकाकांनी गमतीत ‘पट्टेवाला’ म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. लोक टीव्ही दुरुस्तीला दुसरीकडे न्यायला लागले. ज्या हातांनी जळगाव-धुळं एका बटणावर आणलं, ते हात मग रावेरकडे केळीच्या बागांत पंपाचे स्टार्टर दुरुस्त करत फिरले. शनिवारी मात्र ते प्रयोगशाळेत येत राहिले. त्या विषयावर चकार शब्द नाही. मीही काढला नाही. आज काढू, उद्या काढू करता करता माझी जामनेरला बदली झाली आणि मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

तेरावं झाल्यावर एका रविवारी मी पिंप्राळ्याला गेले. सिंधूवहिनी ओट्यापाशी कणीक मळत होत्या, रेडिओवर धुळ्याची गाणी चालू होती. मी पाट ओढून बसले आणि पाच-सहा वर्षं तोंडात धरून ठेवलेलं एकदाचं बोलले, “वहिनी, ती चूक माझी होती.” त्यांचे हात थांबले नाहीत. “माले बठ्ठं माहीत शे, ताई,” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. म्हणे, मिस्त्रीचं चुकलं तर लोक हसतात. बाईचं चुकलं तर म्हणतील, बायकांनी कशाला पडावं यात? ताईच्या वर्गात पंधरा पोरी बसतात.” मला रडू आलं. वहिनींना नाही आलं. “ते रागावले नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण मी रागावले होते. अजून आहे. तुम्ही एकदा बोलल्या असत्या ना, तर ते उन्हातान्हात रावेरला फिरले नसते.” खरं होतं ते.

तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून भंगाळेकाकांचा आवाज आला, “वहिनी, चित्र नीट आहे हो!” मी चमकून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, “डब्या बसवल्या तरी दर रविवारी रेडिओ लावला की हे खिडकीशी जाऊन विचारायचे, चित्र नीट आहे ना? इतकी वर्षं. आता विचारायला कुणी नाही, तर काका आपणहून सांगतात.” आणि पहिल्यांदाच त्यांना रडू आलं. डोळे पुसून त्यांनी कणकेच्याच हातानं खिडकीकडे बोट दाखवलं. “जा. मला काय सांगता? त्यांना सांगा.”

मी उठले. गजाला धरून उभी राहिले आणि म्हणाले, “भंगाळेकाका, ते पट्टे मुरलीभाऊंनी नव्हते पाडले. मी पाडले होते.”

“काय म्हणता, मॅडम?” काकांनी आत जाऊन टीव्ही बंद केला, खुर्ची ओढून खिडकीशी आणली आणि बसले. “बोला.”

मी पहिल्यापासून सांगायला लागले.