गंजाला प्रायमर

मी चित्र काढते म्हणजे नेमकं काय करते, हे आमच्या कोहका वस्तीतल्या घरात कुणालाच कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही अर्धंच कळतं. कॅनव्हास अंगणात आडवा टाकायचा, त्यावर डिंक फासायचा आणि स्टुलावर उभं राहून हाताला लागेल ते फेकायचं: साडीची किनार, चहाचा चोथा, लोखंडाचा कीस. चिकटलं ते चित्रात, उडालं ते आईच्या झाडूत.

त्या वर्षी रायपूरच्या प्रदर्शनासाठी मला पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. पंधरा दिवस मी त्यासाठीच्या चित्रातल्या लोखंडाच्या किसावर मीठ-व्हिनेगरचं पाणी शिंपडत होते. गंज असा काही फुलला होता की मीच माझ्यावर खूश. सोमवारी चित्र न्यायचं होतं.

बाबांची उभी हयात स्टील प्लांटच्या मेंटेनन्समध्ये गेली. रिटायर झाले तरी गंज दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. गेट, कूलरचा स्टँड, सिलेंडरची ट्रॉली, घरातल्या एकूणएक लोखंडाला गंज रोखणारा लाल प्रायमर. गुरुवारी मी बाजारातून आले, तर बाबा कॅनव्हासपाशी उकिडवे बसलेले. एका हातात तारेचा ब्रश, दुसऱ्यात प्रायमरचा डबा.

"लय गंज चढला होता, बाई. घासून एक कोट मारून देला," ते म्हणाले. शाबासकीची वाट बघत होते.

मी पिशवी आपटली. "बाबा, तोच तं पायजे होता मले! कावून हात लावला? कधी ढुंकून तरी पायलं का माया चित्राकडं?"

त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. मला बोलल्याचं वाईट वाटलं, पण माघार घेणं जमेना. हा हट्ट मी त्यांच्याकडूनच घेतलाय.

संध्याकाळी आई म्हणाली, "अवं, तू घरी नसली का रोज जाऊन पायतेत ते. आज म्हणत होते, पोरीचं चित्र रायपूरले चाललं, लोकं पायतीन, तवा गंजलेलं कावून पाठवाचं?"

मला रडूच आलं.

शुक्रवारी सकाळी मी प्रायमरवर पुन्हा डिंक फासून कीस टाकला आणि बाटलीतलं मीठ-व्हिनेगरचं पाणी शिंपडू लागले. बाबा लांबून बघत होते. शेवटी राहवेना, तसे जवळ आले.

"मीठ कमी झालं. गंज कसा चढते ते मले इचार ना."

मी बाटली त्यांच्या हातात दिली. रविवारपर्यंत ती त्यांनी मला परत दिलीच नाही. जन्मभर गंजाच्या मागे लागलेला माणूस माझ्यासाठी, थेंब थेंब मोजून, गंज चढवत बसला होता.