अर्ध्या गुणाचा नियम

आमच्या घरी रविवारी पहिला डोसा तव्यावर पडेपर्यंत एक खेळ चालायचा. आई पाटीवर एक लांब शब्द लिहायची आणि त्याच्या अक्षरांतून मी लहान शब्द काढायचो. अक्षर काना-मात्रेसकट जसंच्या तसं घ्यायचं, क्रम कसाही चालेल. ‘मसालेभात’ दिला की भात, सात, मत, भाले निघत. मी ‘तले’ही लिहायचो. तले म्हणजे डोकं, पण ते कन्नड. चार पिढ्या म्हैसुरात काढलेल्या आमच्या घरात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या असत, म्हणून आईने नियम केला होता: मराठी शब्दाला एक गुण, कन्नड शब्दाला अर्धा. माझी बेरीज बहुधा अर्ध्यावरच संपायची.

आता मी बावन्न वर्षांचा आहे, म्हैसूरजवळच्या बेळगोळच्या एका कारखान्यात नोकरी करतो. हे लिहितो आहे, कारण याच खेळात मी आईला खोटे गुण दिले.

गेल्या वर्षी तिला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हात लवकर सावरला, शब्द सावरले नाहीत. छत्री हवी असली की ती डबा म्हणायची, आणि आपण चुकलो हे तिला बोलता बोलताच कळायचं. म्हैसुरातच, नजरबादला एक तरुण स्पीच थेरपिस्ट होत्या, त्यांच्याकडे आम्ही दर आठवड्याला जाऊ लागलो. खेळाचं सांगितल्यावर त्या खूश झाल्या. रोज खेळा, वहीत लिहा, दर आठवड्याची बेरीज मला दाखवा, म्हणाल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, तेव्हा बरोबर-चूक मीच पाहायचं होतं. मी मान डोलावली. माझं मराठी स्वयंपाकघरापुरतंच आहे, हे तिथेच सांगायला हवं होतं.

पहिल्या दिवशी आईने वीस मिनिटांत चार शब्द लिहिले. त्यातले दोन मला कळले नाहीत. ती माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत होती. मी चारही शब्दांवर बरोबरच्या खुणा केल्या.

त्याला दया म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. मला पुष्कळदा कळतच नव्हतं. आईचं मराठी तिच्या आजीकडून आलेलं, माझं आईकडून येता येता गळलेलं. मी कधी न ऐकलेला शब्द जुना मराठी असू शकत होता, कन्नड असू शकत होता, किंवा काहीच नसू शकत होता. मी क्षणभर थांबायचो आणि एक गुण द्यायचो. जे शब्द मला अगदीच निरर्थक वाटत, त्यांच्याखाली पेन्सिलीने बारीक ठिपका ठेवायचो, आणि गुण तरीही द्यायचो. माझी बायको कन्नड घरातली. तिने एकदा विचारलं, तुम्हाला हे सगळे शब्द खरंच माहीत आहेत का? मी तिच्यावरच चिडलो.

बेरीज वाढत गेली. थेरपिस्ट बाईंनी वही पाहिली, आईचं कौतुक केलं आणि आता महिन्यातून एकदा आलात तरी चालेल म्हणाल्या. स्कूटरवरून परतताना मला आनंद झाला होता, हे कबूल करतो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आई न्हाणीघराच्या दारातून मला हाका मारत होती. ‘कुलूप, कुलूप,’ म्हणत होती. मी धावत जाऊन पुढच्या दाराचं कुलूप तपासलं, मागच्या दाराचं तपासलं. परत येईपर्यंत बंदच होत नसलेल्या नळाचं पाणी बैठकीच्या खोलीत आलं होतं. आई कपाळावर हात मारत उभी होती. तिला ‘नळ’ म्हणायचं होतं. त्या एका हुकलेल्या शब्दासाठी वहीत कुठेच जागा नव्हती. वही सांगत होती की ती बरी होते आहे.

त्याच दुपारी मी वही घेऊन वर गेलो. वर भाड्याने राहणाऱ्या बाई नोकरीसाठी साताऱ्याहून आलेल्या, त्यांचं मराठी पक्कं. जरा शुद्धलेखन बघाल का, असं म्हणालो. हेही अर्धं खोटंच.

त्यांनी ‘समजूतदारपणा’चं पान उघडलं. दार, मजूर, तरस. मग ‘परस’. त्याखाली माझा ठिपका होता.

‘हे तर बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘परस म्हणजे घरामागची जागा. आमच्या गावाकडच्या घराला आहे की.’

पुढे ‘दारस’ होता. त्याला ठिपका नव्हता. दाराशी संबंधित काहीतरी जुना शब्द असेल, असं मी धरून चाललो होतो. बाईंनी तो कधीच ऐकला नव्हता. पानामागून पान तसंच निघालं. मी निरर्थक ठरवलेले कित्येक शब्द खरे होते, आणि ज्यांच्यावर विश्वास ठेवला त्यातले कित्येक त्यांना ठाऊक नव्हते. शेवटी वही परत देताना त्या म्हणाल्या की हे तुमच्या घरातलेच जुने शब्द असतील तर मला कसं कळणार? मी जिना उतरलो तेव्हा चढताना होतं त्याहून कमी मला माहीत होतं.

आई खाली भिजवलेल्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांची सालं काढत बसली होती. बोटांत दाबायचा, दाणा टोपात उडायचा. मी समोर बसून तिला सगळं सांगितलं. खुणा, ठिपके, बेरीज, सगळं.

तिने एक दाणा हातातच धरून ठेवला.

‘दारस,’ ती सावकाश म्हणाली. ‘ते मीच घातलं. मुद्दाम. तू बघतोस का... बघायला.’

‘आणि बाकीचे?’

तिने मान हलवली. ‘गोत्तिल्ला.’ माहीत नाही. मग बराच वेळ शब्द शोधून म्हणाली, ‘मला कळत नाही म्हणून तर तुला दाखवते की रे. तुलाही कळत नसलं तर तसं लिही. गोत्तिल्ला म्हणून लिही.’

दुसऱ्या दिवशी मी रजा घेऊन एकटाच नजरबादला गेलो. थेरपिस्ट बाई रागावल्या नाहीत, त्याने मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी सगळ्या बेरजांवर एक आडवी रेघ मारली आणि पुन्हा दर आठवड्याला यायला सांगितलं. खरा आकडा साधारण किती असेल, असं विचारलं. मला सांगता आलं नाही. ‘दारस’ तिने खरंच मुद्दाम घातला होता का, हेही मला आजवर कळलेलं नाही. मुद्दाम असेल, तर मी तिला समजलो त्याहून ती कितीतरी शाबूत होती. नसेल, तर स्वतःची चूक झाकायची वेळ मी तिच्यावर आणली. दोन्हींत चुकलेला मीच दिसतो.

आता वहीत तीन रकाने आहेत: एक, अर्धा आणि प्रश्नचिन्ह. काल शब्द होता ‘करमणूक’. आईने कर, रम, मकर लिहिले, मग ‘कमर’ लिहून त्यापुढे स्वतःच प्रश्नचिन्ह काढलं आणि वही माझ्याकडे सरकवली. मी विचार करू लागलो. आम्ही घरात कंबर म्हणतो, कन्नडात सोंट म्हणतो. कमर टीव्हीवर ऐकलेली, म्हणजे हिंदी असावी. की मराठीतही चालते? मी तिला म्हणालो, मला नक्की माहीत नाही, आणि हिंदीला किती गुण द्यायचे ते आपलं कधी ठरलेलंच नाही.

‘पाव,’ ती म्हणाली. हा शब्द मात्र तिला शोधावा लागला नाही.

मी पाव गुण लिहिला. तिचं प्रश्नचिन्ह खोडलं नाही.