भाऊजींची खबर घेऊन आलेला माणूस

माझ्या मोठ्या बहिणीचं सासर पांढुर्ण्याचं. भाऊजी हवाई दलात होते. लढाईत शत्रूच्या मुलखावर जाऊन वरून फोटो काढून आणायचे. ते आमच्याकडे, सौंसरला आले की मी विचारायची, "बंदूक कशी चालवता?"

"आमच्या विमानाले बंदूकच नाही. फोटो काढायचा अन् पळायचं."

एकाहत्तरच्या लढाईत असेच गेले ते परतले नाहीत. आधी बेपत्ता म्हणून तार आली, मग मृत समजावं असं कळवलं. ना देह आला, ना विमानाचा तुकडा. ताई शाळेत शिकवायला लागली. तिच्या सासऱ्यांनी, बाबूजींनी, मुलाचं श्राद्ध कधी होऊ दिलं नाही.

दहाएक वर्षांनी, दिवाळीला मी तिच्याकडे असताना, एक अनोळखी माणूस दारात आला. बाबूजींना म्हणाला, मी फौजेत ड्रायव्हर होतो, सीमेपलीकडच्या तुरुंगात होतो, तुमचा मुलगा तिथं जिवंत आहे. बाबूजींनी त्याला पानावर बसवलं. मला तो खटकलाच. उत्तर देण्याआधी भिंतीवरच्या भाऊजींच्या फोटोकडे नजर टाकायचा.

"हनुवटीवर खूण होती नं त्याच्या?" बाबूजींनी विचारलं.

"होती नं."

"उंच, सावळा?"

"उंच, सावळाच."

ताई वाढता वाढता थांबली. "अन् डाव्या हाताचं तुटकं बोट?"

"हो, करंगळी."

भाऊजींची दहाही बोटं शाबूत होती. बाबूजी म्हणाले, "तिकडे जेलात तुटलं असन."

जेवून तो नागपूरच्या बसनं गेला.

"बाबूजी, तो लबाड बोलून राहिला होता," ताई म्हणाली.

"अन् तू काऊन फसवलं त्याले? तुले माहा पोरगा मेलेलाच पाहिजे."

त्या दिवसापासून त्यांचा संशय ताईवर बसला. शाळेतून यायला उशीर झाला की कुठं होती म्हणून विचारायचे. सुनेनं मुलाचं पत्र दाबून तर ठेवलं नाही, असं पोस्टमनला आडून विचारून पाहायचे. ताई ऐकून घ्यायची.

पुढच्या पितृपक्षात ती सौंसरला आली आणि भटजी बोलावून भाऊजींचं श्राद्ध घातलं.

"बाबूजींना माहीत आहे?" मी विचारलं.

"सांगून आली. त्यांनी तोंड फिरवलं."

रात्रीपुरती तरी राहा म्हटलं, तर थांबली नाही. बाबूजी उपाशी बसतील, म्हणाली, आणि दुपारच्याच बसनं परत गेली.