गुलाबी गोळीचं नाव

लालबागला गुणवंती मयेकरच्या औषधाच्या दुकानात 'ती पिवळी गोळी द्या' म्हटलं की काही मिळत नाही. "रंग नको, नाव सांगा," ती सुनावते.

काल रांगेत माझ्या पुढे तिचे सासरे होते. ते गिरणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते.

"सूनबाई, माझी गुलाबी गोळी."

"नाव सांगा, आप्पा."

आप्पा तडकले. "अगं, आम्ही मिक्श्चरमध्ये मुद्दाम लाल रंग घालायचो. रंग बघूनच माणूस अर्धा बरा व्हायचा."

"म्हणूनच लोकांना ही सवय लागली. आता तुम्हीच मोडा."

आप्पा घुटमळले, मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं खणखणीत नाव घेतलं.

मी पांढरी गोळी मागायला आलो होतो. गुपचूप खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि नाव पाठ करायला लागलो.